खबीब २९ वर का थांबला? (दागेस्तानातल्या एका तालमीची गोष्ट)

लालमाती

मंडळी, गेल्या रविवारी जत्रेचं कुस्ती मैदान बघून परत येत होतो. गाडीत आमच्या तालमीतली दोन पोरं होती, विशीच्या आतली. मोबाईलवर एमएमएच्या (कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालणारा खेळ) लढती बघतात. खबीबचा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, "कॉनरला लोळवला तोच ना?" आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरला हरवणारा, एवढीच ओळख. २९ लढती लढून एकही न हरलेल्या माणसाची गोष्ट त्या एका रात्रीपुरती उरावी, हे मनाला लागलं. म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, सांभाळून घ्या.

खबीब नुरमागोमेदोवचा जन्म २० सप्टेंबर १९८८ चा, दागेस्तानच्या डोंगरातल्या सिल्दी गावातला. दागेस्तान म्हणजे रशियाचं दक्षिण टोक. एका अंगाला कॉकेशसचे डोंगर, दुसऱ्या अंगाला कॅस्पियन समुद्र. तीसच्या वर जमाती तिथं नांदतात, खबीब त्यातल्या अवार लोकांतला. कुस्तीचं वेड तर विचारू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपल्या रवी दहियाला ५७ किलोच्या अंतिम कुस्तीत ७-४ नं हरवणारा झाऊर उगुएव दागेस्तानचा. ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला अब्दुलरशीद सादुलाएव तिथलाच.

खबीबचे वडील अब्दुलमनाप. ते सैन्यात असताना ज्युडो आणि सांबो (रशियन कुस्तीचा प्रकार) शिकले. परत आल्यावर घराच्या तळमजल्यावर त्यांनी तालीम काढली. वर घर, खाली मॅट. खबीब तिथंच वाढला. पुढं कुटुंब किरोवाउलला आणि २००१ मध्ये राजधानी मखाचकलाला आलं. बाराव्या वर्षी कुस्ती, पंधराव्या वर्षी ज्युडो, सतराव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली कॉम्बॅट सांबो, म्हणजे ठोसे-लाथाही चालणारा सांबो. मधली ज्युडोची पायरी बापानं मुद्दाम घातली होती. कुस्तीगीर उघड्या अंगाला धरायला शिकतो, सांबोत अंगात जाकीट असतं. कापड धरण्याची सवय आधी लागावी म्हणून पोराला ज्युडोत टाकलं. असा वर्षांचा हिशेब मांडून पोरगं घडवणारा माणूस आपल्याकडे वस्ताद म्हणून ओळखला जातो.

सप्टेंबर २००८ मध्ये युक्रेनमधल्या पोल्तावात पहिली व्यावसायिक लढत झाली. २००९ आणि २०१० मध्ये तो कॉम्बॅट सांबोचा जगज्जेता झाला. सलग १६ विजय गाठीला बांधून जानेवारी २०१२ मध्ये तो अमेरिकेत यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, उतरला आणि नॅशव्हिलमध्ये कमाल शालोरसला तिसऱ्या फेरीत गळा आवळून हरवलं.

आता त्याच्या खेळाबद्दल. ज्यांनी लाल मातीत अंग घासलंय त्यांना हे लगेच कळेल. बहुतेक एमएमएवाले पट काढून, म्हणजे पाय धरून, समोरच्याला खाली आणतात आणि लगेच ठोसे मारायला लागतात. खबीबला घाई नसायची. एकेरी पट लागला नाही तर तिथूनच दुहेरीवर जाणार, दुहेरी अडला तर कंबरेला मिठी, तीही सुटली तर पायात पाय. एक डाव फसला की त्यातूनच दुसरा निघायचा. मे २०१३ मध्ये एबल ट्रुहियोला त्यानं तीन फेऱ्यांत २१ वेळा खाली आणलं. पंधरा मिनिटांत एकवीस वेळा! आपल्या पैलवानांनी डोळ्यांसमोर आणून बघावं.

खाली आणल्यावरचं काम तर आणखी बारकाईचं. समोरचा आखाड्याभोवतीच्या जाळीला पाठ लावून बसतो, उठायला बघतो. उठायचं तर एक हात जमिनीवर टेकायला लागतो. खबीब नेमका तोच हात शोधायचा. त्याच्या पाठीमागून आपला हात घालून मनगट पकडायचा आणि ते पाठीशीच दाबून ठेवायचा. खाली त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांच्या कैचीत. आता त्या माणसाकडं टेकायला हात नाही, सरकायला पाय नाही, आणि तोंडासमोर खबीबचा एक हात मोकळा. लढत बघताना खबीबच्या तोंडाकडं बघू नका, त्या मनगटाकडं बघा. ते सुटत नाही. कब्जा काय चीज असते, ते कळेल.

पण सगळं सरळ झालं नाही. एप्रिल २०१४ मध्ये राफाएल दोस आंजोसला हरवलं आणि विजेतेपदाचा पट्टा हाताशी आला असं वाटत असतानाच गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाल्या, बरगडीला मार लागला, पूर्ण दोन वर्षं तो उतरला नाही. सोडून द्यायचा विचारही त्याच्या डोक्यात होता. इकडं दोस आंजोस २०१५ मध्ये विजेता झाला. आपण हरवलेला माणूस पट्टा घेतो आणि आपण पलंगावर पडून! एप्रिल २०१६ मध्ये परतला. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला मायकेल जॉन्सनच्या ठोशानं पहिल्याच फेरीत हलला, पण नंतर त्याला खाली दाबून सांगत होता, सोड आता, पट्ट्यासाठी मला लढायचंय. तिसऱ्या फेरीत हात पिरगाळून लढत संपवली.

७ एप्रिल २०१८ ला ब्रुकलिनमध्ये अल आयक्विंटाला पाच फेऱ्यांत हरवून तो हलक्या वजनगटाचा, म्हणजे ७० किलोचा, विजेता झाला. कॉनर मॅकग्रेगरची लढत त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला लास वेगासला. दुसऱ्या फेरीत ठोसेबाज कॉनरलाच ठोशानं पाडलं, चौथ्यात मान आवळली. त्यानंतर जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, मला त्यावर लिहायची इच्छा नाही.

मला लिहायचंय ते पुढचं. अमेरिकेचा व्हिसा मिळत नसल्यानं अब्दुलमनाप यूएफसीत मुलाच्या कोपऱ्यात, म्हणजे लढतीवेळी सूचना देणाऱ्यांच्या जागी, कधी उभेच राहिले नव्हते. ज्यानं घडवलं तोच दूर. ७ सप्टेंबर २०१९ ला अबू धाबीत ती वेळ आली. खबीबनं डस्टिन पोरियेला तिसऱ्या फेरीत गळ्याला धरून हरवलं, तेव्हा वस्ताद तिथं हजर होता. पहिल्यांदाच. आणि शेवटचंच. ३ जुलै २०२० ला कोविडनंतरच्या गुंतागुंतीत मॉस्कोच्या रुग्णालयात ते गेले. वय अवघं ५७.

२४ ऑक्टोबर २०२० ला पुन्हा अबू धाबी. समोर जस्टिन गेथजी. दुसऱ्या फेरीत खबीबनं पायांची कैची गळ्यात टाकली. गेथजीनं हार मानल्याची थाप मारली, पंचाच्या लक्षात आली नाही, गेथजी बेशुद्ध झाला. खबीब सुटला, मधोमध गुडघ्यावर बसला आणि रडला. मग हातमोजे काढून खाली ठेवले. ही लढत ठरली तेव्हा आईशी तीन दिवस बोलणं चाललं होतं, असं त्यानं तिथंच सांगितलं. वडिलांशिवाय त्यानं लढू नये असं आईचं म्हणणं. त्यानं शब्द दिला, ही शेवटची.

वडिलांच्या मनात आकडा ३० होता. तिसावी लढत कॅनडाचा माजी यूएफसी विजेता जॉर्जेस सेंट-पिएर याच्याशी व्हावी आणि पोरानं थांबावं, हे ते उघड बोलायचे. बापानं आखलेलं एकच पाऊल उरलं होतं आणि आईच्या शब्दाखातर त्यानं ते सोडलं. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निकाल वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

सातासमुद्रापार

लेख आवडला, दादा. टोरोंटोत आमच्या घरी ऑक्टोबर २०१८ ची ती लढत बघायला दहा-बाराजण जमले होते. तुम्ही त्यावर लिहायचं टाळलंत, पण मला वाटतं ते लिहिल्याशिवाय माणूस पूर्ण कळत नाही. आधीचा प्रसंग एप्रिलमधला. खबीबनं हॉटेलात कॉनरचा मित्र आर्तेम लोबोव याला गाठून जाब विचारला. दोन दिवसांत कॉनर माणसं घेऊन न्यूयॉर्कला आला आणि खेळाडूंच्या बसवर सामान ओढायची लोखंडी गाडी फेकली. काचा फुटल्या, मायकेल किएसा आणि रे बोर्ग यांना लागलं. दोघांचा या भांडणाशी संबंध नव्हता, दोघांच्याही लढती रद्द झाल्या. पुढं पत्रकार परिषदांत कॉनरनं खबीबचा बाप, धर्म, देश काही सोडलं नाही. एवढं सगळं पोटात ठेवून तो जिंकला आणि मग जाळी ओलांडून कॉनरच्या साथीदारावर उडी घातली. आम्ही सगळे उभे राहिलो होतो. माझी आई शेजारी होती, ती म्हणाली, "जिंकल्यावर कशाला रे बाबा?"

मेघना_र

तुमच्या आईशी पूर्ण सहमत. राग समजतो, पण भरल्या सभागृहात हजारो लोक असताना जाळीवरून उडी मारणं कसं मान्य करायचं? चेंगराचेंगरी झाली असती तर? आणि लहान खबीबचा अस्वलाच्या पिल्लाशी झोंबतानाचा व्हिडिओ लोक कौतुकानं फिरवतात, तो मला बघवत नाही. ते पिल्लू बांधलेलं आहे. त्या मुक्या जिवाचा काय दोष?

धागा वाचायला घेतला तो शेवटच्या भागासाठी. माझ्या घरात कुणी कुस्तीगीर नाही, पण वडील गेल्यावर आईचं ऐकून मीही एक गोष्ट अर्ध्यावर सोडली आहे. तो परिच्छेद दोनदा वाचला.

लालमाती

मेघनाताई, अस्वलाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. नऊ वर्षांचं पोरगं होतं, दोष त्याचा नाही, पण कौतुक करण्यासारखंही त्यात काही नाही.

उडीबद्दल: नेवाडाच्या क्रीडा आयोगानं त्याला नऊ महिन्यांची बंदी आणि ५ लाख डॉलर दंड केला. कॉनरला सहा महिने आणि ५० हजार. खबीबनं त्याच रात्री आयोगाची माफी मागितली आणि म्हणाला, घरी गेल्यावर वडील मला सोडणार नाहीत. अब्दुलमनापही जाहीर बोलले की माझी शिक्षा यूएफसीपेक्षा कडक असेल. तीस वर्षांचा जगज्जेता, कोट्यवधींचा धनी, आणि धास्ती कुणाची, तर वस्तादाची. आमच्या तालमीत हे वातावरण मी अनुभवलंय. मैदानात समोरच्या पैलवानाला शिवी दिली म्हणून एका नामांकित मल्लाला वस्तादांनी महिनाभर आखाड्यात पाय ठेवू दिला नव्हता. तो रोज पहाटे येऊन दाराशी बसायचा.

कुमीकाता

ज्युडो शिकवतो, म्हणून सांबोबद्दल थोडी भर घालतो. सांबो हे 'शस्त्राविना स्वसंरक्षण' या अर्थाच्या रशियन शब्दांचं लघुरूप. १९२०-३० च्या दशकांत सोव्हिएत सैन्यासाठी तो घडला. घडवणाऱ्यांतले एक वासिली ओश्चेपकोव. ते जपानच्या कोदोकानमध्ये ज्युडो शिकलेले होते. १९३७ मध्ये स्टालिनच्या धरपकडीत त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली उचललं आणि ते कोठडीतच गेले. त्यांचा खेळ मात्र देशभर पसरला.

खेळाच्या सांबोत गळा आवळायला बंदी आहे. कॉम्बॅट सांबोत आवळणंही चालतं, ठोसे-लाथाही चालतात. म्हणजे त्यातला गडी एमएमएत येतो तेव्हा त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागत नाही. खबीबच्या आधी फ्योदर इमेल्यानेंकोनं हे जगाला दाखवलं. तोही रशियन, तोही सांबोतला, २००३ मध्ये जपानच्या प्राइड स्पर्धेत जडवजनाचा विजेता आणि जवळजवळ साडेनऊ वर्षं अपराजित. फरक इतकाच की फ्योदर थांबला, परतला, पुन्हा लढला, हरला. ४० विजय आणि ७ पराभव. शेवटची लढत फेब्रुवारी २०२३ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, पहिल्याच फेरीत हरला. मला फ्योदर जास्त प्रिय आहे. हरल्यावरही त्याच शांत चेहऱ्यानं तो उभा राहायचा. खबीबला ती परीक्षा द्यावी लागली नाही.

नागपूरचा_संत्री

मुद्द्याचं बोलतो. खबीब मोठा, पण सर्वश्रेष्ठ? पट्टा फक्त तीनदा राखला: कॉनर, पोरिये, गेथजी. २०१२ ची ग्लायसन तिबाउची लढत मी तीनदा पाहिलीय. तिबाउनं त्याला एकदाही खाली येऊ दिलं नाही. पंचांनी खबीबला दिली, मी तिबाउला दिली असती. म्हणजे २९-० मधला शून्य थोडा डळमळीत आहे. आणि त्याच वजनगटातला टोनी फर्ग्युसन? पाच वेळा लढत ठरली, पाचही वेळा मोडली.

लालमाती

संत्रीभाऊ, तिबाउची लढत चुरशीची होती हे मान्य. पंच तिकडं वळले असते तरी मी वाद घातला नसता. पण पुढच्या आठ वर्षांत तसा एकही प्रसंग आला नाही, हेही बघा. आणि पट्टा राखतानाच्या तिन्ही लढती निकाली आहेत, गुणांवर एकही नाही. तिघांनाही थाप मारायला लावली.

फर्ग्युसनबद्दल मात्र माझं मन अजून दुखतं. २०१५ मध्ये खबीबची बरगडी. २०१६ मध्ये टोनीच्या फुप्फुसात पाणी. मार्च २०१७ मध्ये वजन उतरवताना खबीब थेट रुग्णालयात. एप्रिल २०१८ मध्ये लढतीला आठवडा असताना टोनी एका स्टुडिओत वायरीला अडखळला आणि गुडघा गेला. २०२० मध्ये महासाथ. इतकी जुळलेली जोड कधीच लागली नाही. गावात असं झालं असतं तर लोकांनी देवाला कौल लावला असता.

चुनाभट्टी

मी हौस म्हणून जिउजित्सू करते, चार वर्षं झाली. मनगटाचं जे लिहिलंय ते शंभर टक्के. आमचे सर याला दागेस्तानी बेडी म्हणतात. माझ्यावर कुणी लावली की पहिल्यांदा दम जातो. दुखत काहीच नाही, पण प्रत्येक प्रयत्न वाया जातोय हे कळलं की अंगातली ताकदच निघून जाते. गेथजीच्या लढतीबद्दल एक गोष्ट: खबीबला तेव्हा हाताचा सांधा ओढून लढत संपवता आली असती. पण गेथजीचे आईवडील तिथं होते. त्यांच्यासमोर त्यांच्या मुलाचा हात मोडायचा नाही, म्हणून गळ्यावर गेला. हे त्यानं नंतर त्याचा मित्र डॅनियल कॉर्मियेला सांगितलं. स्वतःचा बाप जाऊन चार महिनेही झाले नव्हते.

आणखी एक. पोरियेशी लढून झाल्यावर दोघांनी अंगातले शर्ट बदलले होते. पोरियेच्या समाजसेवी संस्थेसाठी खबीबनं तो शर्ट लिलावात काढला, एक लाख डॉलर उभे राहिले.

मेघना_र

@चुनाभट्टी, हे माहीत नव्हतं. आता लढत बघावी लागणार.

कांदेपोहे_४२

लालमाती भाऊ, आपल्याकडून असा कुणी का नाही? कुस्ती तर रक्तात आहे म्हणतात.

लालमाती

मुंबईचा भरत खंडारे कुस्तीतूनच आला आणि भारतातून थेट यूएफसीत पोचलेला पहिला तोच. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला साँग यादोंगशी लढला, पहिल्या फेरीत गळा आवळला गेला. पण तो तिथवर गेला, हे विसरू नका.

आपल्याकडं अंगमेहनत कमी नाही. पहाटेच्या जोर-बैठका कुणी मोजायला येऊ देत. फरक साखळीचा आहे. अब्दुलमनापनी एक खबीब घडवला नाही. त्याच तालमीतून इस्लाम मखाचेव आला, चुलतभाऊ उमर आणि उस्मान आले. मखाचकलात तयारी, मग कॅलिफोर्नियात सॅन होजेला हाविएर मेंडेझकडे ठोसे-लाथांचं शिक्षण, आणि दोन्ही गुरूंचं एकमेकांशी पटलेलं. आपला पोरगा तालमीतून निघाला की पुढचं दार त्याचं त्यालाच शोधायला लागतं. माझ्या ओळखीच्या एका पोराला एका क्लबनं सहा महिने फी घेऊन नुसतं मशीनवर व्यायाम करायला लावलं. आता तो ट्रॅक्टर चालवतो.

सातासमुद्रापार

साखळीवरून आठवलं. २२ ऑक्टोबर २०२२, पुन्हा अबू धाबी. मखाचेवनं चार्ल्स ऑलिवेराला हरवून तोच ७० किलोचा पट्टा जिंकला, कोपऱ्यात खबीब. नंतर माईक हातात घेऊन खबीबनं सांगितलं की वडिलांनी इस्लामला फार पूर्वीच म्हटलं होतं, मेहनत करत राहा, खबीबनंतर विजेता तूच. तिसाव्या लढतीचं तुम्ही लिहिलंत ना दादा, मला त्या रात्री वाटलं की बापाचा हिशेब तिथं चुकता झाला. खबीब तीन महिन्यांनी कोपऱ्यातूनही बाजूला झाला, घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून.

लालमाती

हे मला सुचलं नव्हतं. मी आकडाच मोजत बसलो होतो.

मेघना_र

काल रात्री गेथजीची लढत बघितली. सात मिनिटांची असेल, मी अर्धा वेळ डोळे झाकले होते. पण तो गुडघ्यावर बसल्यावर गेथजी शुद्धीवर येऊन त्याच्याजवळ वाकला आणि कानात काहीतरी बोलला, ते पाहिलं. आज आईलाही दाखवणार आहे. नुसता शेवट दाखवू की सगळी?

लालमाती

ताई, सगळी दाखवा. पण आधी अबू धाबीचीच पोरियेची लढत लावा, २०१९ ची. त्यात कोपऱ्यात अब्दुलमनाप दिसतात. त्यांना एकदा बघून घेऊ द्या, मग दुसरी लावा.